शिंदेशाही आणि पोर्तुगीज आमदानी

पंच्याहत्तरी ओलांडलेली चार गोंयकार माणसे एका बलकांवावर बसली की कधी ना कधी 'पोर्तुगीज आमदानी'चा विषय निघतोच. तेव्हा चोऱ्या होत नसत, पाव मोठा मिळे, कचेरीत कागद दिला की त्याला उत्तर येई. हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. चार वर्षांपूर्वी एलटीसी घेऊन ग्वाल्हेरला गेलो, तेव्हा तिथल्या लष्कर भागातल्या एका मराठी घरात तीच वाक्ये पुन्हा ऐकायला मिळाली. नाव तेवढे बदलले होते. तिथे 'शिंदे सरकार' म्हणत होते. चोऱ्या तिथेही होत नसत!

या दोन आठवणी शेजारी ठेवून पाहाव्यात असे तेव्हाच मनात आले. कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्वाल्हेर आणि गोवा हे खरोखरच दोन वेगळे देश होते, आणि दोन्ही ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हते. ग्वाल्हेर संस्थान सव्वीस हजार चौरस मैलांहून मोठे, म्हणजे आजच्या गोव्याच्या सुमारे अठरा पट. १९३१ च्या शिरगणतीत तिथे ३५ लाखांवर माणसे होती, तेव्हा गोव्यात पाचेक लाख. हैदराबाद, म्हैसूर, बडोदे आणि काश्मीर यांच्याबरोबर एकवीस तोफांच्या सलामीचा मान असलेले हे पाचवे संस्थान. टपालाच्या तिकिटांवर 'ग्वालियर' असे छापलेले असे, तांब्याच्या पैशावर महाराजांचा मुखवटा असे. आमच्या तिकिटांवर 'इंडिया पोर्तुगेझा' होते आणि आमची रुपयाही निराळी होती. ती १९५९ मध्ये गेली आणि एश्कुद आले. तिकीट आणि नाणे एवढ्यावरच देश ठरत असेल तर दोन्हीही देशच.

तुलना करताना गोंयकाराला आधी एका नावाची आठवण होते. पेडणे महालातल्या केरी गावचे जिवबादादा केरकर. इतिहासात ते जिवबादादा बक्षी म्हणून ओळखले जातात. महादजी शिंद्यांच्या भरवशाचे सेनापती, उत्तरेतल्या मोहिमांचे धनी, आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे प्रमुख. त्यांच्या जन्माच्या वेळी पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. पोर्तुगिजांच्या ताब्यात ते १७८८ मध्ये आले, तेव्हा जिवबादादा उत्तर हिंदुस्थानात महादजींसाठी लढत होते. लखबादादा लाड, बाळोबा पागनीस अशी सारस्वतांची एक फळीच त्या काळी शिंद्यांच्या चाकरीत होती. आपल्याकडे या गोष्टीचा अभिमान बाळगतात, बाळगावाही. पण पुढचे सांगत नाहीत. १७९६ मध्ये जिवबादादा वारले. महादजींच्या मागे दौलतराव गादीवर होते, सर्जेराव घाटग्यांचा अंमल वाढत होता, आणि महादजींच्या विधवांच्या भांडणात सारस्वत मंडळी दौलतरावांच्या विरोधी बाजूला गेली. त्यातून १८०० साली जिवबादादांच्या मुलाला, नारायणराव बक्षींना, बाणांना बांधून उडवण्यात आले. बाण म्हणजे दारूचे, अग्निबाण. बापाने ज्या दौलतीसाठी आयुष्य झिजवले त्या दौलतीत मुलाला चौकशी नाही, पंच नाहीत, एका ओळीचे निकालपत्रही नाही.

आता त्याच सुमाराचे गोव्यातले चित्र पाहा. १७८७ मध्ये पिंटोंचे बंड उघडकीस आले. पाद्री आणि देशी सैनिक अधिकारी यांनी मिळून पोर्तुगीज सत्ता उलथण्याचा घाट घातला होता असा आरोप. इथे मात्र सगळे रीतसर झाले. धरपकड, जबान्या, वकील, खटला, निकाल. आणि डिसेंबर १७८८ मध्ये पणजीत पंधरा जणांना रीतसर फाशी दिले, त्यांच्या प्रेतांची विटंबना केली. पकडलेल्या पाद्रींना लिस्बनला धाडून तिथे वर्षानुवर्षे बंदीत ठेवले. या सगळ्याचे कागद इतके नीट जपलेले की कुन्य रिव्हार यांना ते १८७५ साली छापून काढता आले.

ग्वाल्हेरची सत्ता माणसाच्या तोंडात होती आणि गोव्याची कागदावर. दोन्हीकडे मेलेला माणूस मेलाच. पण पुढच्या दीडशे वर्षांत हाच फरक दोन्हीकडे वेगवेगळ्या वाटांनी वाढत गेला, म्हणून तो आधी सांगितला.

माणसाच्या तोंडातली सत्ता कशी चालते ते माधवराव शिंद्यांकडे पाहून कळते. १८८६ मध्ये लहानपणी गादीवर आले, १८९४ मध्ये पूर्ण अधिकार मिळाले, १९२५ मध्ये पॅरिसला वारले. माणूस विलक्षण होता यात शंका नाही. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांची. चीनमधल्या बॉक्सरांच्या उठावाच्या वेळी 'ग्वालियर' नावाचे इस्पितळी जहाज त्यांनी पाठवले. भातखंड्यांच्या सल्ल्याने १९१८ मध्ये ग्वाल्हेरला संगीत विद्यालय उघडले. राज्यकारभाराची धोरणे त्यांनी 'दरबार पॉलिसी' म्हणून खात्याखात्यांची बयाजवार छापून काढली. मी सरकारी कारकून आहे. परिपत्रकांत आयुष्य चालले आहे. म्हणून राजा स्वतःच परिपत्रके लिहीत होता हे वाचून मला थोडी गंमत वाटली आणि थोडी भीतीही. मजलिस-ए-आम आणि मजलिस-ए-कानून अशा सभाही त्यांनी काढल्या. सभासद बोलत, सुचवत. पटले तर महाराज ऐकत.

या 'पटले तर'मध्येच सगळे आले. चांगला राजा मिळाला तर रेल्वे, शाळा, कालवे. तो अज्ञान असला तर रीजन्सी कौन्सिल. ग्वाल्हेरच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडले. दौलतराव १८२७ मध्ये निपुत्रिक गेले, मग दत्तक जनकोजी आणि बायजाबाईंची कारभारी. जनकोजी १८४३ मध्ये निपुत्रिक गेले, मग दत्तक जयाजीराव. त्या गोंधळात महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी, २९ डिसेंबर १८४३ रोजी, इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पुढच्या तहात संस्थानाला कौन्सिल व रेसिडेंट यांच्या ताब्यात आणले. जयाजीरावांच्या काळात रत्नागिरीकडून आलेल्या घराण्यातले दिनकरराव राजवाडे १८५२ मध्ये दिवाण झाले. त्यांनी वसुलाची घडी बसवली, मक्तेदारांचा जुलूम कमी केला, सत्तावन्नच्या धामधुमीत संस्थान सांभाळले, आणि १८५९ मध्ये त्यांना दूर व्हावे लागले. दिवाण कितीही शहाणा असो, त्याच्या शहाणपणाला मुदत मालकाच्या मर्जीची.

आणि मालकाचा मालक वेगळाच. १८५८ ते १८८६ अशी अठ्ठावीस वर्षे ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रज फौजेकडे होता. महाराज खाली जयविलास राजवाड्यात राहत आणि वर किल्ल्यावर दुसऱ्याचे निशाण. गंमत म्हणजे हाच अनुभव पोर्तुगिजांनाही आधी येऊन गेला होता. १७९९ पासून १८१३ पर्यंत नेपोलियनच्या भीतीने इंग्रज पलटणी गोव्यात येऊन बसल्या होत्या, काबो आणि आग्वादला त्यांच्या छावण्या होत्या. दोघेही 'स्वतंत्र', आणि दोघांच्याही किल्ल्यांवर इंग्रज शिपाई! माधवरावांनी आपल्या मुलाचे नाव जॉर्ज जिवाजीराव ठेवले आणि मुलीचे मेरी कमलाराजे, पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या नावांवरून. आमच्याकडे नावे बदलली ती बाप्तिस्म्याने. तिथे बाप्तिस्मा न घेताच.

धर्माच्या बाबतीत मात्र शिंद्यांना गुण द्यावे लागतात. मराठा राजा, पण मन्सूर शाह अवलियावर घराण्याची श्रद्धा, मोहरमचा सरकारी ताजिया, दरबारात मुसलमान गवई आणि त्यांचे हिंदू शिष्य. इचलकरंजीच्या बाळकृष्णबुवांसारखे लोक पायपीट करून तिथे गाणे शिकायला गेले ते उगाच नाही. आमच्या जुन्या काबिजादीत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडली तर, इन्क्विझिशन होते. हिंदूंना बरोबरीचे हक्क खऱ्या अर्थाने मिळाले ते १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर. तोवर सरकारी नोकरीचे दरवाजे आमच्या आजोबा-पणजोबांना जवळजवळ बंदच होते.

आता गोव्याच्या कागदाकडे वळू. हा कागद ग्वाल्हेरच्या मानाने फार पुढे होता. १८२२ साली, म्हणजे दौलतराव शिंदे अजून गादीवर असताना, गोव्यातून तीन प्रतिनिधी लिस्बनच्या पार्लमेंटसाठी निवडले गेले. त्यांतले दोघे, बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह आणि कोंश्तांसियु रॉक द कॉश्त, गोव्याचेच. हिंदुस्थानच्या इतर कुठल्याही भागातला माणूस वेस्टमिन्स्टरला पोहोचायला अजून सत्तर वर्षे होती. नावेलीचे फ्रांसिश्कु लुईश गोमिश १८६१ पासून लिस्बनमध्ये बसून बोलले, आणि पोर्तुगीज खासदारांनी त्यांचे ऐकले. याचा आम्हांला अभिमान आहे.

पण बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह यांचे पुढे काय झाले? १८३५ मध्ये लिस्बनने त्यांना गोव्याचा प्रीफेक्त, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, करून पाठवले. गोंयकार माणूस गोव्याच्या गादीवर! गोऱ्या आणि मिश्र रक्ताच्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना सतरा दिवसांत हाकलले, आणि लिस्बनला काही करता आले नाही. कागदावर हक्क होता, पण बंदूक दुसऱ्याच्या हातात होती. आणि मतदानाचा हक्क तरी किती जणांना? कर भरणारे, लिहितावाचता येणारे, थोडके. नव्या काबिजादीतल्या कुळाला लिस्बन हे नाव ऐकूनही माहीत नसे.

गावपातळीवर मात्र आमच्याकडे पोर्तुगिजांच्या आधीचे काहीतरी टिकून होते. गांवकरी. १५२६ मध्ये अफोंसु मेशिय यांनी तिचे रीतिरिवाज लिहून काढले ते 'फोराल'मध्ये. राजा आपल्या बाजूने वसूल मागणार, गांवकर गावची जमीन पावणीवर लावणार, देवळाचा, पाटाचा, बांधाचा खर्च वजा जाता उरेल ते आपसांत वाटणार. पुढे त्याचीच कोमुनिदाद झाली. ही लोकशाही नव्हे. बायकांना, कुळांना, बाहेरून आलेल्यांना तिथे तोंड नव्हते. पण गावची जमीन गावची होती. ग्वाल्हेरकडे शेतकरी आणि दरबार यांच्यामध्ये जमीनदार आणि जहागीरदार होते. शितोळे, आंग्रे, फाळके, जाधव अशा मराठा सरदारांच्या मोठमोठ्या जहागिरी. तिथल्या हिंदी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सगळे दक्षिणेकडून आलेले परकेच. आपल्याला हे ऐकायला जड जाते. पण पेडण्याच्या शेतकऱ्याला पाखलो जसा, तसा भिंडच्या शेतकऱ्याला मराठा सरदार. फरक एवढाच की मराठे तिथे राहिले, तिथल्या मातीत मिसळले, आणि वसूल समुद्रापार गेला नाही.

भाषेचे असेच. ग्वाल्हेरच्या दरबारी दप्तरात पूर्वी मराठी आणि मोडी. पण प्रजेची भाषा वेगळी, म्हणून कायदा हळूहळू हिंदी-उर्दूत आला आणि विक्रम संवतात मोजला जाऊ लागला. महसुलाचा कायदा 'कानून माल, संवत १९८३'. राज्यकर्त्यांनी प्रजेची भाषा घेतली, आपली घरात ठेवली. तांबे कवी तिथे राहून मराठीत लिहीत राहिले, पण तहसिलीच्या कागदावर मराठी उरली नव्हती. आमच्याकडे उलट झाले. राज्यकर्त्यांनी आपली भाषा कागदावर ठेवली आणि प्रजेने मराठी-कोंकणी घरात. 'बोलेतिं ओफिसियाल'मधला कायदा वाचायला गावातला एखादाच माणूस सापडे, आणि तो बहुधा भाटकार असे.

दोन्ही व्यवस्थांची खरी परीक्षा १९३० नंतर झाली. पोर्तुगालमध्ये २८ मे १९२६ ला लष्कराने सत्ता घेतली, पुढे सालाझार आले, आणि जुलै १९३० मध्ये 'आक्त कोलोनियाल' आला. वसाहती बाळगणे आणि तिथल्या लोकांना सुधारणे हा पोर्तुगीज राष्ट्राचा धर्मच आहे, असे त्यात लिहून टाकले. प्रजासत्ताकाने दिलेले नागरिकत्व फार तर वीस वर्षे टिकले. मसुदा बाहेर येताच ४ जुलैला लुईश द मिनेझिश ब्रागांस यांनी गव्हर्नरच्या कौन्सिलात ठराव मांडला की, स्वतःचे भवितव्य घडवण्याचा हक्क पोर्तुगीज हिंदुस्थानने सोडलेला नाही. बंदिस्त सभेत, सरकारी माणसांच्या समोर, एका माणसाने असे म्हणावे ही साधी गोष्ट नव्हती. पण त्यानंतर सोळा वर्षे, १८ जून १९४६ ला लोहिया मडगावात उभे राहीपर्यंत, उघड्या मैदानात असे बोलण्याची सोय उरली नाही. लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागे. चोऱ्या होत नसत हे खरे असेल, पण सभाही होत नसत.

ग्वाल्हेरला त्याच दशकात राज्य सार्वजनिक सभेच्या लोकांनी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. जिवाजीरावांनी १९३६ मध्ये अधिकार हाती घेतले आणि १९३९ मध्ये प्रजासभा व सामंतसभा अशी दोन सभागृहांची योजना जाहीर केली. अधिकार तिलाही बेताचेच. पण राजाला ती जाहीर करावी लागली, कारण सीमेपलीकडे प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती आणि ग्वाल्हेरच्या लोकांना ती दिसत होती. माणसाच्या तोंडातली सत्ता वाऱ्याची दिशा ओळखते. राजा डोळ्यांसमोर असतो, त्याला लोकांचा आवाज ऐकू येतो, आणि गादी टिकवायची असते. सालाझारला गोवा कधी पाहायचाच नव्हता. त्याने तो एकदाही पाहिला नाही. १९५१ मध्ये वसाहतींचे नाव बदलून 'समुद्रापारचे प्रांत' केले की प्रश्न मिटला असे त्याला वाटले.

म्हणून शेवटही दोन्हीकडे वेगळा झाला. २८ मे १९४८ ला (तारीख तीच, साल वेगळे) ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली लहान संस्थाने मिळून मध्य भारत झाले. नेहरूंनी उद्घाटन केले आणि महाराज राजप्रमुख झाले. सही केली, मान राखला, पेन्शन ठरली. आमच्याकडे तेरा वर्षे आणखी तुरुंग, हद्दपारी, सत्याग्रहींवर गोळीबार, आणि मग १९ डिसेंबर १९६१.

यानंतरचा भाग मला सर्वांत नवलाचा वाटतो. ग्वाल्हेरची राज्यव्यवस्था संपली, कायदे मध्य भारतात आणि मग मध्य प्रदेशात विरघळले, १९७१ मध्ये तनखेही गेले. पण घराणे राहिले. विजयाराजे १९५७ मध्ये काँग्रेसच्या खासदार झाल्या, १९६७ मध्ये त्यांनी द्वारकाप्रसाद मिश्रांचे मंत्रिमंडळ पाडले, आणीबाणीत तिहारला गेल्या. माधवरावांनी १९८४ मध्ये खुद्द ग्वाल्हेरच्या वाजपेयींना ग्वाल्हेरात हरवले. वसुंधराराजे दोनदा राजस्थानच्या मुख्यमंत्री. २०१९ मध्ये गुण्यात ज्योतिरादित्य हरले तेव्हा लोकांना धक्का बसला, तो हरण्यापेक्षा शिंदे हरल्याचा. २०२४ मध्ये ते तिथूनच पुन्हा निवडून आले, दुसऱ्या पक्षातून. पक्ष कोणताही असो, लष्करातल्या त्या घरात त्यांचा उल्लेख 'महाराज' असाच होता.

आमच्याकडे पोर्तुगिजांचा एक माणूसही सत्तेत उरला नाही. उरला कायदा. १८६७ ची दिवाणी संहिता, गोव्यात १८७० पासून लागू, १९६२ च्या संसदेच्या कायद्याने चालू ठेवलेली. नवराबायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, मुलगा-मुलगी समान वारस, लग्नाची नोंद सरकारी दप्तरात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याकडे बोट दाखवून समान नागरी कायद्याची आठवण करून दिली, आणि हा आता पोर्तुगीज नव्हे तर भारतीय कायदा आहे असेही सांगितले. वारसाहक्काचा भाग पुढे गोव्याने स्वतःच्या कायद्यात घेतला, २०१६ पासून तो चालतो. याचे कौतुक करणाऱ्यांना १८८० चा हिंदूंच्या चालीरीतींचा हुकूमनामा सहसा ठाऊक नसतो. त्यात ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा न झाल्यास हिंदू पुरुषाला, बायकोच्या संमतीने, दुसरे लग्न करण्याची मुभा ठेवली आहे. 'समान' हा शब्द जरा जपूनच वापरावा.

तरीसुद्धा वडिलांच्या घरात बहिणीला निम्मा वाटा मागता येतो, तो कुणा चांगल्या महाराजांच्या मर्जीने नव्हे. या एका बाबतीत मी कागदाच्या बाजूचा आहे. सालाझारच्या बाजूचा मुळीच नाही. तो कागद त्याच्या आधीचा आहे आणि त्याच्यानंतरही आपल्या संसदेने तो तपासून ठेवला म्हणून तो आपला आहे.

आणखी एक कागद उरला आहे, त्याची बाब वेगळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची पोर्तुगीज नोंदबुके अजून कपाटांत आहेत. आज कुणी जुनी जन्मनोंद मागायला आले की ते बुक काढून शाई उडालेल्या अक्षरांतून आजोबांचे नाव शोधावे लागते, कारण नातवाला ती नोंद लिस्बनला लावून पोर्तुगीज नागरिक व्हायचे असते. हजारो जण असे गेले, बरेचसे तिथून पुढे इंग्लंडला. ग्वाल्हेर संस्थानाचा प्रजाजन असल्याचा दाखला घेऊन आज कुठेही जाता येत नाही. जयविलासच्या जेवणघरात टेबलावरची चांदीची आगगाडी मात्र तिकीट काढून पाहता येते. ती दारू आणि चिरूट घेऊन पाहुण्यांसमोर फिरत असे. मी गेलो त्या दिवशी ती उभी होती.